भिंतीजवळच्या नऊ लॉजच्या नोंदवह्या

निवृत्तीनंतरही अंधेरीच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या दगडी भिंतीजवळून गेलो की ते प्रकरण डोक्यात पुन्हा सुरू होते. भिंत इंग्रजांच्या काळातली, लाटा अडवायला बांधलेली. पलीकडे समुद्र, अलीकडे कोळीवाडा आणि मधल्या रस्त्यावर नऊ लॉज. त्या हद्दीत तेव्हा मी वरिष्ठ निरीक्षक होतो.

मुलुंडच्या एक बासष्ट वर्षांच्या बाई मंगळवारी सकाळी घरातून निघून गेल्या होत्या. फोन बंद. तिकडच्या ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार दाखल झाली. बुधवारी दुपारी एका रिक्षावाल्याने मोबाइलवर फिरणारा फोटो ओळखला आणि आमच्याकडे आला.

"साहेब, या मावशींना काल मेट्रो स्टेशनवरून भिंतीपाशी सोडलं. हातात कपड्यांची पिशवी होती."

कळवल्यावर बाईंचा मुलगा धावतच आला. "बाबा जाऊन दोन महिने झाले, साहेब. आई घाटकोपरच्या पुढे एकटी कधी गेलेली नाही. तुम्ही आधी पाण्यात बघा ना."

आम्ही नऊही लॉजच्या नोंदवह्या तपासल्या. नाव कुठेच नव्हते. म्हणजे बाई इथे राहिल्या नाहीत, असे मी ठरवून टाकले आणि होड्या पाण्यात घातल्या. हाती काहीच लागले नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. कुणाला हरवलेल्या माणसाचा फोटो दाखवला, की तो सहसा दोनदा बघतो. पहिल्या लॉजच्या मॅनेजरने एकदाच बघून परत दिला होता. गुरुवारी सकाळी त्याला ठाण्यात बोलावले, चहा दिला.

"आल्या होत्या ना?"

त्याने कप खाली ठेवला. "आल्या होत्या. पण खोली दिली नाही."

"का?"

"आधार मुलुंडचं. लोकल आयडी, म्हणजे मुंबईचाच पत्ता, त्यात एकटी बाई. तुम्हीच मीटिंगमध्ये बोललात ना साहेब, असल्यांना ठेवायचं नाही म्हणून. आता काही झालं असेल तर माझी वाट लागेल, म्हणून गप्प बसलो."

खरे होते. ती सूचना माझीच होती. लॉजमधल्या भानगडी कमी व्हाव्यात म्हणून तोंडी दिलेली.

"त्यांनी काय विचारलं, आठवतं?"

"समुद्र दिसेल का, विचारलं. आणि सकाळी आंघोळीला गरम पाणी किती वाजता येतं."

मी लगेच होड्या थांबवल्या. उद्याच्या गरम पाण्याची चौकशी करणारे माणूस जीव द्यायला आलेले नसते. निदान मला तसे वाटले. महिला हवालदारांना घेऊन कोळीवाड्यात घरोघर विचारत गेलो. तिसऱ्या गल्लीत बाई एका कोळणीबरोबर बोंबील साफ करत बसल्या होत्या.

कोळीण म्हणाली, "लॉजवाला नाय बोलला, मग भिंतीवर बसलेली. माझी वरची खोली रिकामी हाय. म्हटलं, चल."

मुलाला बोलावले. तो आईसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सांगायचं तरी होतंस गं."

"सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास," बाई म्हणाल्या. "लग्नाआधी गावी समुद्राच्या आवाजात झोपायचे रे. नंतर चाळीस वर्षं एका खोलीत पाच माणसं. मला दार लावून एकटीला झोपायचं होतं."

मुलगा म्हणाला, "चल आता घरी."

"उद्या येते."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी जबाबात लिहिले: स्वेच्छेने आल्या, सुखरूप आहेत, उद्या घरी जाणार. बाईंनी वाचून सही केली. मुलगा एकटाच परत गेला.

नोंदवहीत खोली मिळालेल्यांची नावे असतात. दारातून परत पाठवलेली माणसे तिच्यात नसतात, आणि मी तिच्यातच बघत होतो. पुढच्या आठवड्यात सगळ्या मॅनेजरना बोलावून सांगितले, की ओळखपत्र बरोबर असेल तर खोली द्या, पत्ता कुठलाही असो.

सगळे म्हणाले, "साहेब, लेखी द्या."

मी दिले. आधीची सूचना मात्र कोणीच लेखी मागितली नव्हती.