पेशी वयात आल्या तो पोळा

माझे सासरे मिशांना काळा रंग लावत. सत्तरी ओलांडली तरी रोहण्याच्या पारावर त्यांच्याच मिशा सगळ्यांत काळ्या. मी त्यांना मामाजी म्हणते, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात, आणि त्या मिशांवरून त्यांची मनसोक्त फिरकी घेते. त्या पावसाळ्यात मात्र फिरकी बंद पडली. माझ्या हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग पडताहेत म्हणून मी दाखवायला गेले आणि वर्ध्याच्या हॉस्पिटलातच अडकले. रक्ताचा कॅन्सर. तिकडे माझा पाचवीचा वर्ग बिनबाईचा धिंगाणा घालत असणार, आणि इकडे मी जगते की मरते याचा विचार करत पडलेली. मला भयंकर राग आला होता. कोणावर, ते ठरत नव्हतं.

डॉक्टर माझ्याहून लहान, पण बोलणं स्वच्छ. तिनं मला आणि मामाजींना एकदमच समजावलं.

"यांच्या रक्तातल्या काही पेशी मोठ्याच होत नाहीत. लहानच राहतात, काम करत नाहीत, नुसती गर्दी वाढवतात. या प्रकारच्या कॅन्सरवर एक गोळी आहे, अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली. सोबत सलाईनमधून थोडा सोमल."

"सोमल? जहर? अन् सूनबाईले?" मामाजी उठून उभेच राहिले.

"अगदी मोजून देतो, काका. त्यानं त्या पेशी वयात येतात. वयात आल्या की वाढणं थांबतं, आणि वेळ झाली की म्हाताऱ्या होऊन मरतात."

"मंजे मारून नाई टाकत? लेकरावानी मोठं करता?"

"तसंच समजा."

मामाजी खाली बसले. "मंग चिंता नाई. पाचवीची मास्तरीन आहे ते. तिले सवय आहे."

पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. मला धाप लागली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर म्हणाली, औषध लागू पडतं तेव्हा असं होऊ शकतं, मोठ्या होणाऱ्या पेशी हाडांतून बाहेर निघताहेत. तिनं आणखी एक औषध देऊन धाप आटोक्यात आणली. पुढे हाडातला मगज काढून तपासायला पाठवला. त्यात लहान पेशी उरल्या नसतील तर मी वाचले, असा हिशेब मी मनाशी करून टाकला होता. निकाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

पोळ्याला बैल सोडून मामाजी कुठे जात नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळच्या एसटीनं आले, चपलांना गावचा चिखल तसाच. पोळ्याला आमच्या गावात दारोदारी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या शिवेबाहेर नेऊन फेकतात आणि सगळे ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत! मारबत म्हणजे गावाची पीडा सोबत घेऊन जाणारी बाई.

"माझं दुखणं दिलं का तिला?" मी विचारलं.

मामाजी चाचरले. "खोकला देला. ताप देला. माह्ये गुडघे देले. तुह्या दुखन्यावर आलो अन् थांबलो."

"काऊन?" मीही वऱ्हाडीवर उतरले.

"थ्या पेशी मोठ्या होऊन राह्यल्या न? अर्ध्यातून काऊन नेऊ द्याच्या? मी जोरानं म्हटलं, बाई, याईले राहू दे. मोठ्या झाल्या का आपल्या पायानं जातीन. सारं गाव हासून राह्यलं होतं मले."

मी इतकी हसले की सलाईनची नळी हलली आणि नर्स रागावली. तेवढ्यात डॉक्टर आली. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं, तरी तिनं सांगेपर्यंत मी श्वास धरून ठेवला.

"लहान पेशी दिसत नाहीत. औषध आणखी काही महिने घ्यायचं आहे, पण पेशी वयात आल्या."

मी सगळ्या वॉर्डासमोर रडले. मामाजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "आता म्हाताऱ्या होतीन न थ्या?"

"होतील. आणि यासुद्धा होतील," डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

तू म्हातारी होशील, असं मला आयुष्यात कोणी इतक्या प्रेमानं म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

पुढच्या पोळ्याला आम्ही रोहण्याला गेलो, तर मामाजींच्या मिशा कापसासारख्या पांढऱ्या.

"काऊन मामाजी, रंग संपला का?"

"लपवाची गोष्ट आहे का ते?" ते मिशीला पीळ देत म्हणाले.

मागच्या आठवड्यात वेणी घालताना मला माझा पहिला पांढरा केस दिसला. मी घरभर नाचले. नवरा बिचारा कात्री शोधायला धावला. मी रोहण्याला फोन लावला.

"तोडू नको!" मामाजी ओरडले. "मी येतो पाहाले."