लाटसाहेबांपुढचं गाऱ्हाणं

वाकोल्याला प्रसूतिगृहाचं उद्घाटन होतं आणि राज्यपाल येणार होते. गोष्ट पन्नासच्या दशकातली आहे, तेव्हा गुजरातही आपल्याच मुंबई राज्यात होता. माझं नुकतंच लग्न झालेलं... सांताक्रूझच्या पूर्वेला दोन खोल्यांचा संसार.

राज्यपाल हा शब्द आमच्या चाळीत कोणी वापरत नसे. लाटसाहेब म्हणायचे. इंग्रज गेले, नाव तेवढं राहिलं...

आमच्या शेजारी गोदाबाय राहायच्या. मालवणकडच्या, विधवा, एकुलता एक मुलगा वासू गिरणीत होता. गिरणीच्या गेटाबाहेर भांडण झालं, वासूने लोखंडी कांब उचलली आणि समोरचा पोरगा जागच्या जागी गेला. वासूने ते केलंच होतं, आणि मेलेल्यालाही आई होती. दोन्ही गोष्टी मी आजही एका दमात सांगते.

फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टातही कायम राहिली. उरला तो दयेचा अर्ज, राज्यपालांच्या नावाने.

तो अर्ज आमच्या ह्यांनी लिहून दिला. हे शाळेत सिव्हिक्स शिकवायचे, त्यामुळे अर्जाबरोबर गोदाबायना एक तासही मिळाला... राज्यपाल स्वतःच्या मनाने काही करत नाहीत, मंत्रिमंडळ सल्ला देतं, अर्ज आधी गृहखात्यात जातो, तिथे ठरतं, मग राज्यपाल सही करतात. खडू तेवढा हातात नव्हता.

गोदाबायनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सही तेंचीच ना? मगे झाला."

अर्ज गेला आणि गोदाबायच्या घरात सुतक असल्यासारखं झालं. पोस्टमन जिन्यात आला की त्या हातातलं काम टाकून दारात उभ्या राहायच्या. मला ते बघवत नसे, मी आपली कडी लावून घ्यायचे.

...आणि अशात लाटसाहेब वाकोल्याला येणार अशी बातमी आली.

त्या दिवशी आख्खी चाळ पेंडॉलमध्ये. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. आम्ही सतरंजीवर, गोदाबाय माझ्या डाव्या बाजूला, धुवट लुगडं नेसून. मला वाटलं, बाई बिचारी निदान दर्शन घ्यायला आली असेल.

फीत कापून झाली, हारतुरे झाले. राज्यपाल बोलायला उभे राहिले, मराठी त्यांना येत नव्हती. ते घसा साफ करतायत तोवर माझी डावी बाजू रिकामी झाली... गोदाबाय उभ्या. पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, हात जोडलेले.

"बा लाटसायबा म्हाराजा..."

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी सांगते. कोकणात देवळात देवापुढे सगळ्यांच्या वतीने एक जण मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक हुंकार देतात. मागायचं पुरुषाने. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"माझ्या झिलाच्या हातून जा घडला ता वायट घडला रे म्हाराजा..."

आणि मागच्या अर्ध्या सतरंज्या, सगळा कोकणी माणूस, सवयीने एका आवाजात बोलून गेला. "व्हय म्हाराजा."

स्टेजवरचे दचकले. एक इन्स्पेक्टर धावत निघाला. राज्यपालांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तेका जल्मभर कोंडून घाल, पण जीतो ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

ह्या वेळी पुढच्या खुर्च्यांतूनही काही आवाज आले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मूळचे ठाण्याचे, गाऱ्हाण्याशी सात जन्मांचा संबंध नाही... आणि ह्यांचे ओठ हलले होते. माझेही हलले असणार.

शेजारच्या गृहस्थाने राज्यपालांच्या कानात अर्थ सांगितला. राज्यपाल हिंदीत एवढंच म्हणाले की, ताई, निर्णय सरकार करतं, मी त्याप्रमाणे सही करतो. म्हणजे शब्दशः ह्यांचा सिव्हिक्सचा धडा... हात जोडून त्यांनी भाषण न करताच कार्यक्रम संपवला.

घरी येताना हे म्हणाले, बघ, मी सांगितलं तेच. गोदाबायना खोटी आशा लागली असणार ह्याचीच मला धास्ती.

पुढे बऱ्याच दिवसांनी तुरुंगातून कळलं. फाशी रद्द, जन्मठेप.

कोणामुळे, ते कधीच कळलं नाही. आमच्या ह्यांच्या मते गृहखात्याने फाइल नीट वाचली. चाळीच्या मते लाटसाहेबाने शब्द टाकला. फाइल काही आमच्याकडे चहाला येणार नव्हती...

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाय तीन नारळ घेऊन दारात. एक मलबार हिलच्या राजभवनाकडे तोंड करून फोडला, लाटसाहेबांच्या नावाने. दुसरा मंत्र्यांच्या सचिवालयाच्या दिशेने. ह्यांना राहवलं नाही, विचारलंच की हा दुसरा कशाला.

"तुम्हीच सांगलात न्हय? देवळात पण तसाच. देव कौल देता, पण मानकऱ्यांनी इचारल्यार."

हे मनापासून हसले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत त्यांचा धडा इतका नीट कोणाला कळला नसेल.

तिसरा नारळ त्यांनी आमच्याच उंबऱ्यावर फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तरानु, तुम्ही व्हय म्हणालात. मी बघितलंय."

हल्ली टीव्हीवर राज्यपालांच्या अधिकारांवरून तावातावाने चर्चा चालते. मी ऐकते, अर्धं कळतं, अर्धं नाही. मला आपले आमचे हे आठवतात... उंबऱ्यात खोबरं धरून उभे, डोळे भरलेले, आणि सांगायला एकही कलम नाही.