पाटीवरचा शेवटचा नियम

आमच्या मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरावर पत्र्याचे छप्पर आहे आणि त्या पत्र्याला एक गोल भोक आहे. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा खाली उतरतो आणि सरकत सरकत भाताच्या पातेल्यापर्यंत जातो. नवे वाढपी त्याकडे कौतुकाने पाहतात. ते भोक कशाने पडले हे समजल्यावर मात्र ते पातेले बाजूला ओढतात.

एका लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या कोणा मित्राने आनंदाच्या भरात पिस्तूल काढून हवेत गोळी झाडली होती. हवेची दिशा ठरवण्यात त्याची थोडी गफलत झाली. आमचे आचारी त्या क्षणी मीठ आणायला कोठीत गेले होते, एवढेच आमचे नशीब. मंडळी हसली आणि यजमानांचा मान राखावा म्हणून मीही हात जोडून हसलो. ते हसणे मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. आचारी मात्र तेव्हापासून मिठाचा डबा मुद्दाम कोठीतच ठेवतात. स्वयंपाकघरात आणू देत नाहीत.

त्यानंतर मी कार्यालयाच्या नियमावलीत एक नियम वाढवला. भिंतींना चिकटपट्टी लावू नये, आतमध्ये फटाके वाजवू नयेत, पाणी जपून वापरावे, आणि सर्वांत खाली, इतरांहून बारीक अक्षरांत: ‘कृपया शस्त्रे सोबत आणू नयेत, ही नम्र विनंती.’ पाटी मी ऑफिसच्या दाराआड लावली. दार उघडले की ती झाकली जाई, आणि दार दिवसभर उघडेच असे.

पत्नीने ती पाहिली आणि विचारले, “अहो, हा नियम माणसांसाठी आहे की पालींसाठी?”

तिच्या बोलण्यात खोट काढण्याजोगे काहीच नव्हते. भांडण नको म्हणून मी आयुष्यभर हळू बोलत आलो. आता लिहितानाही हळूच लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत नवी पाटी रंगवून घेतली आणि फाटकाशेजारच्या खांबावर स्क्रूने घट्ट बसवली.

मग आमच्या नेवाशात त्या पाटीवर चर्चा सुरू झाली. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, रसवंतीत, जिथे जावे तिथे कोणीतरी मला बाजूला घेऊन समजावू लागले. परवाना असलेल्या माणसाला अडवणारे आपण कोण, असे काहींचे म्हणणे होते. जागा ज्याची नियम त्याचा, असे दुसरे म्हणत. एकाने सुचवले की चपलांसारखा बिल्ला देऊन हत्यारे काउंटरवर जमा करून घ्यावीत. मला ते पटले होते. सुदैवाने शेजारच्या वकिलांना आधी विचारले. दुसऱ्याचे हत्यार आपल्या ताब्यात ठेवणे हाच गुन्हा आहे, पहिल्याच लग्नसराईत मी आत जाईन, असे ते म्हणाले, आणि वर माझ्या जामिनाची काळजी करू नका अशी ग्वाहीही दिली. तेव्हा ज्याने त्याने आपले हत्यार आपल्या घरीच ठेवून यावे, एवढाच मार्ग उरला. एकदोन मंडळी आमची तारीख सोडून दुसऱ्या कार्यालयाकडे वळली. बाकीच्यांकडे हत्यारच नव्हते. त्यांना नियम फार आवडला.

खरी परीक्षा घरातूनच आली. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, कोपरगावकडचे ऊस बागायतदार. वस्ती रानात, आजूबाजूला ऊस आणि उसात बिबटे, म्हणून त्यांनी फार पूर्वी रिव्हॉल्व्हरचा परवाना घेतला. बिबट्यावर ते कधी झाडले गेले नाही. लग्नकार्यात मात्र ते दाजींच्या कमरेला असायचेच. सदरा जरा वर झाला की लोक वाट द्यायचे, आणि दाजींचा सदरा बऱ्याचदा वर होत असे.

त्यांच्या मुलीचे, माझ्या भाचीचे, लग्न ठरत आले होते. ते आमच्याच कार्यालयात व्हावे हे सर्वांनी गृहीत धरले होते. शाळेच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला यायची आणि रिकाम्या हॉलच्या फरशीवर पाण्याची बादली उपडी करून घसरगुंडी खेळायची. दाजी आक्काला घेऊन तारीख पाहायला म्हणून आले. फाटकाजवळ थांबून त्यांनी पाटी सावकाश वाचली आणि आत येऊन खुर्चीत बसले.

“पाव्हणं, परवाना सरकारनं दिलाय. तुमी सरकारच्या वर गेलाव का?”

मी म्हणालो की निवडणुका आल्या की सगळे आपापली हत्यारे पोलीस ठाण्यात नेऊन देतात, तेव्हा कोणाचा मान जात नाही. शिवाय देवळात आपण पायताण बाहेर काढतोच.

“देवापुढं काढतो. तुमी देव हायसा व्हय?”

आक्का शेजारी बसून वाल निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “लग्नाची पत्रिका बिबट्याला दिलीय का तुमी?”

दाजी तिच्यावर रागावू शकत नव्हते, म्हणून माझ्यावर रागावले. पाटी काढा, नाहीतर लग्न दुसरीकडे करतो, असे सांगून चहा न घेता निघून गेले. भाचीचे लग्न आणि तिचा मामा बाहेरच्या पाहुण्यासारखा दुसऱ्याच्या कार्यालयात पंगतीला बसलेला, हे चित्र मला सहन होईना. दाजी आणि आक्का यांच्याशी असलेला घरोबा मला कोणत्याही नियमाहून मोलाचा होता. निदान तशी मी स्वतःची समजूत घातली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन फाटकाशी गेलो आणि एक स्क्रू काढलाही. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

“मामा, लग्न मला तुमच्याच हॉलमध्ये करायचंय,” ती म्हणाली. “पण पाटी काढू नका हं. वरातीत उघड्या जीपमध्ये मी बसणारे, पप्पा नाही.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. वरातीत कोणते गाणे लावायचे हे सांगावे तशी ती बोलली. मी काढलेला स्क्रू परत बसवू लागलो, तर तो हातातून निसटून कण्हेरीच्या आळ्यात पडला आणि सापडला नाही. पाटी एका बाजूने किंचित कललेली राहिली.

पुढच्या आठवड्यात दाजींच्या घरी बैठक झाली. मुलाकडची मंडळी आली होती. मुलाचे वडील, म्हणजे आमचे होणारे व्याही, शांत गृहस्थ. बोलण्याआधी चष्मा पुसत. त्यांची सगळी कसर त्यांच्या मेहुण्याने, मुलाच्या मामाने, भरून काढली. हा माणूस नेवाशाजवळच्याच एका गावचा, अंगाने दांडगा, हसायला मोकळा. मानपान ठरले, पंगती ठरल्या, वरातीचा विषय निघाला. तेव्हा त्यांनी जाहीर केले की आपण नुकतेच पिस्तूल घेतले आहे आणि भाच्याच्या वरातीत सलामी देणार आहोत.

दाजींनी सुपारी कातरता कातरता थांबून विचारले, “कुठं झाडणार?”

“कुठं म्हंजी? वर, हवेत.”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. पत्र्याच्या भोकाची गोष्ट त्यांनी माझ्या तोंडून अनेकदा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी सर्वांत मोठ्याने तेच हसले होते. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे ते भोक आले की उघड्या जीपमधली मुलगी आली, की केवळ आपल्यापुढे दुसरा कोणी मिरवेल हे आले, मला सांगता येणार नाही. बहुधा तिन्ही असावीत.

“आमच्या पाव्हण्यांच्या कार्यालयात हत्यार चालत न्हाई,” दाजी म्हणाले. “पाटीच हाय तशी. मीबी नेत न्हाई.”

मी खाली मान घालून सतरंजीकडे पाहत बसलो, कारण चेहऱ्यावरचे हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. नेमक्या त्याच वेळी आक्का चहा घेऊन आली. दाजी कप घ्यायला पुढे वाकले आणि त्यांचा सदरा नेहमीप्रमाणे वर झाला.

मुलाचे मामा म्हणाले, “आन् मग ह्ये काय पेन हाय?”

दाजींनी शांतपणे बशीत चहा ओतला. “ह्ये घरातलं हाय. घराला पाटी न्हाई.”

सगळी बैठक हसली, व्याह्यांनी चष्मा पुसला आणि लग्न आमच्या कार्यालयात ठरले. मुलाचे मामाही हसले, पण आणतो असेही म्हणाले नाहीत आणि आणत नाही असेही म्हणाले नाहीत.

लग्नाच्या दिवशी दाजी धोतर नेसून, फेटा बांधून सकाळपासून फाटकावर उभे होते. त्यांचा उजवा हात सारखा कमरेकडे जाई, तिथे काही नाही असे आठवून परत येई आणि उपरणे सारखे करी. वऱ्हाड आले, माइकवरून भेटींचा पुकारा सुरू झाला. आमच्याकडे दोन्ही घरचे सोयरे नात्यागणिक एकमेकांना गळामिठी घालतात: व्याही व्याह्याला, चुलता चुलत्याला. दाजी मात्र नाते न बघता मुलाकडच्या प्रत्येक पुरुषाला भेटू लागले, आणि त्यांच्या मिठ्या नेहमीपेक्षा लांबत होत्या. जरा निरखून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांचा डावा हात प्रत्येकाच्या कमरेवरून हळूच फिरून येतो आहे. मुलाकडच्या बायका आपसांत म्हणत होत्या, किती मायाळू माणूस.

मध्येच माझ्याजवळ येऊन ते कुजबुजले, “व्याह्यांच्या खिशात नुस्त्या शुगरच्या गोळ्या हायत.”

मुलाच्या मामांपर्यंत ते पोहोचण्याआधीच पुकारा झाला: मामा-मामाची भेट. मुलाचे मामा हात पसरून पुढे आले. मी त्यांच्या खांद्यापर्यंतच पोहोचत होतो, त्यामुळे माझे हात आपोआपच खाली, कमरेपाशी गेले आणि सदऱ्याखाली काहीतरी कठीण लागले. मिठी सोडली असती तर सर्वांसमोर बोलावे लागले असते. काही न बोलता हसलो असतो, तर ते हसू माझ्या चांगल्याच ओळखीचे होते. आणि हा माणूस रुसून वऱ्हाडासह माघारी फिरला, तर आत मुंडावळ्या बांधून बसलेल्या मुलीला मी काय सांगणार होतो? मी मिठी सोडलीच नाही.

“मामा,” मी त्यांच्या कानाशी म्हणालो, “हे घरी ठेवून या.”

“गाडीत ठिवतो.”

“गाडीत पोरं गाणी लावून बसलीत.”

बँडवाल्यांनी आमची माया पाहून चाल बदलली.

“नवं हाय, मामा,” ते हळूच म्हणाले. “गावानं बघितलं पायजे.”

“गावानं तुम्हाला बघावं. तुम्ही आल्याशिवाय अंतरपाट धरू देत नाही, हा माझा शब्द.”

“थांबशाल?”

“थांबतो.”

त्यांनी मला सोडले, फेटा नीट केला आणि काही विसरल्यासारखा कपाळाला हात लावून गाडीकडे गेले. मी भटजींना जाऊन सांगितले. मुहूर्त टळतोय म्हणून ते कुरकुरले. परंतु आमच्या भागात आशीर्वादपर भाषणांनी मुहूर्त टळतोच. मी माइकवाल्याच्या कानात सांगितले की व्यासपीठावरच्या कोणालाही आज आटोपते घ्यायला सांगू नये. आजवर त्या मान्यवरांना असे स्वातंत्र्य कोणी दिले नव्हते. पाणी, वीज, रस्ते, उसाचा भाव आणि वधूवरांना शुभेच्छा, असे सगळे यथासांग चालले. वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून बसले होते, आणि कोणालाही काही वेगळे घडते आहे असा संशय आला नाही.

मी फाटकाशी, कललेल्या पाटीखाली उभा होतो. ते परत येतील की नाही, याची मला खात्री नव्हती. मुलीला आत दोनदा निरोप पाठवला की मामा इथेच आहे. शेवटी रस्त्यावर धूळ उडाली. मुलाचे मामा गाडीतून उतरले, घाम पुसत पाटीपाशी आले, ती वाचली, बोटाने सरळ करून पाहिली. ती पुन्हा कलली. मग त्यांनी दोन्ही हात पसरले.

“घ्या,” ते म्हणाले. “भेटा परत.”

मी भेटलो. या वेळी माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीवरच राहिले.

आतून भटजींची हाक आली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. आम्ही दोघे मामा घाईने निघालो, तर वाटेत दाजी उपरणे सावरत आडवे आले आणि डोळे बारीक करून त्यांनी मला विचारले, “कमरंला बघितलं का?”

“बघितलं,” मी म्हणालो आणि भाचीला आणायला आत गेलो.