घंटा झाली की बाहेर

शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि मी ट्रॅक सोडला.

कुणी पाडलं नव्हतं. पाय दुखत नव्हता. दमही टिकून होता. मी सगळ्यांच्या पुढे होते, श्वेता माझ्या मागे, बाकीच्या मुली तिच्याही मागे. क्लबच्या सरांनी हात वर केला. मी चुन्याची रेघ ओलांडून आत गवतात जाऊन उभी राहिले. श्वेता शेजारून निघून गेली.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली आमच्या गावठाणातली माणसं बसली होती. मला धावताना बघायला टेम्पो करून आलेली. ती अजून ओरडत होती, "पल बाय, पल!" मग एकेक आवाज बंद होत गेला.

बाबा धावत आले. हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"काय झालं गो बाय? पाय मुरगलला का?"

मी नुसती मान हलवली. उत्तर सरांनी दिलं.

"काही झालं नाही हो. तिचं काम झालं." मग त्यांची नजर पिशवीवर गेली. "नारळ आणलाय वाटतं? बरं केलंत. द्या इकडे, श्वेता येतेच आहे."

श्वेता पहिली आली. नारळ तिच्यासाठी फुटला. तिच्या मम्मीने पहिला तुकडा बाबांच्या हातावर ठेवला. "घ्या ना काका. हिचीपण मेहनत आहेच की."

बाबा "हो, हो" म्हणाले. खोबरं मुठीत धरून उभे राहिले. खाल्लं नाही.

परतताना टेम्पोत शेजारची काकी म्हणाली, "पुढं तर आपलीच पोर व्हती. मंग उतरली कशाला?" बाबा टेम्पोच्या फळीला धरून बाहेर बघत होते. मी काय करत होते त्याला इंग्रजीत शब्द होता आणि तो मला येत होता. मराठीत समजावून सांगायची हिंमत नव्हती.

नव्वदीची मधली वर्षं. नेरूळचे नवे सेक्टर उभे राहत होते आणि त्यांच्या पाठीला आमचं गावठाण होतं. भातशेती गेल्यावर बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर लागले. मला मात्र त्यांनी हट्टाने सेक्टरमधल्या इंग्लिश मीडियमला घातलं. वर्गात मी बोलत नसे. मराठीत तोंड उघडलं की माझ्या 'पानी'वर मुली हसायच्या. म्हणून जेवढं बोलायचं तेवढं इंग्रजीत. इंग्रजीत ण लागत नाही.

धावताना बोलावं लागत नाही. म्हणून मला धावणं आवडलं.

शाळेच्या स्पोर्ट्सला एका रनिंग क्लबच्या सरांनी मला पाहिलं. "फी राहू दे, रोज ये," म्हणाले. श्वेताचे पप्पा त्या क्लबला देणगी द्यायचे, हे मला पुढे कळलं. सरांनी आमची जोडी लावली. "एकमेकींना खेचा. फ्रेंडली कॉम्पिटिशन. एकट्याने पेस वाढत नाही."

ते खरं होतं. एकटी मी कधीच तशी धावले नव्हते. कानामागे तिचा श्वास जवळ आला की माझे पाय आपोआप लांब पडायचे. मी लांब टाकले की ती दात ओठ खाऊन यायची. धावून झालं की दोघी गवतात पडून हसायचो. तेवढ्यापुरतं मला वाटायचं, आपल्याला मैत्रीण आहे.

मग सरांनी नवी पद्धत काढली. शेवटच्या फेरीआधी ते मला बाहेर बोलावू लागले. "तू तिला ओढत न्यायचं. शेवटी तिला एकटीला सुटू दे. तू आपली पेसर."

मी घरी येऊन सांगितलं, "मला पेसर केलं."

"म्हंजे काय?" आईने विचारलं.

"जी सगळ्यांच्या पुढे धावते ना, ती."

मलाही तो मानच वाटत होता. बाहेर येणं सरावापुरतं असेल, असं मी धरून चालले होते. आई ते शब्द गल्लीभर सांगत फिरली. त्या शब्दांवर टेम्पो भरला.

स्पर्धेच्या सकाळी सर म्हणाले, "आजही तसंच. घंटा झाली की बाहेर."

शेडखाली बाबा दिसत होते. मी म्हटलं, "येस सर." दुसरं काही म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या बुटांची नाडी बांधून होईपर्यंत श्वेता शेजारी उभी होती. म्हणाली, "यू आर सो लकी. तुला मेडलचं टेन्शनच नाही." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. टोमणा असता तर मला राग तरी आला असता.

स्पर्धेनंतरच्या सोमवारी मी पुन्हा क्लबच्या मैदानावर गेले. घरात कुणी जा म्हणालं नव्हतं, जाऊ नको म्हणालं नव्हतं. नेहमीच्या मुली, नेहमीचं अंतर. मी पुढे, श्वेता मागे. शेवटची फेरी आली. सरांनी हात वर केला.

मी बाहेर गेले नाही.

"ए! बाहेर ये!"

नाही गेले. पण त्याच वळणावर माझे पाय ढिले पडले. मी सांगितलं नव्हतं, आपोआप. त्यांना तिथे थांबायचीच सवय लावलेली होती. श्वेता गेली. मग एकेक करून सगळ्या गेल्या. मी सगळ्यात शेवटी, जवळजवळ चालतच आले.

सर हसले. "बघितलंस? तुला शेवट झेपत नाही. ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं."

श्वेताची मम्मी बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "उगाच हट्ट करू नये बेटा. लागतं अशाने."

मी गुडघ्यांवर हात टेकून उभी होते. झेपत नाही? पेसर झाल्यापासून ती फेरी मला धावूच दिली नव्हती. इतका सराव झाला, पेस वाढला, आणि माझ्या पायांना शर्यत संपवता येत नव्हती. नुसतं मेडल गेलं असतं तर मी सोसलं असतं. माझ्या अंगातून एक अख्खी फेरी काढून घेतली होती, आणि माझ्याच हातून.

"उद्यापासून सांगितलं तेवढंच," सर म्हणाले.

"नो सर."

आवाज बारीक आला. पण आला.

"मग येऊ नकोस."

मी गेले नाही. मला परत बोलवायला कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गावठाणातूनच कळलं, क्लबने नावडे गावातली एक मुलगी आणलीय. चांगली धावते म्हणे.

आता मी कॉलेजात आहे. पलीकडच्या सेक्टरात रस्ता झालाय, इमारती अजून नाहीत. तिथेच फेऱ्या मारत धावते. शेजारी कुणी नाही, त्यामुळे पेस पडलाय. सर त्याबाबतीत खोटं बोलले नव्हते. शेवटची फेरी मला अजून येत नाही. वळण आलं की पाय अजूनही ढिले पडतात. मी त्यांना तसेच पुढे नेते.

या वर्षी कॉलेजच्या शर्यतीत उतरणार आहे. जिंकणार नाही, हे मला माहीत आहे. पण रेघेच्या आत गवतात उभ्या राहिलेल्या मुलीला नंबर नसतो. शेवटची आले तरी चालेल. माझा नंबर त्यांना द्यावा लागेल.