चुडाव्याचे अप्पाराव

ताडकळसच्या वाचनालयात सिद्धोधन ग्रंथपाल आहे. माझ्याहून बराच मोठा, तरी मित्र. एम.ए.ला असल्यापासून मी त्याचं काम पाहत आलोय.

वाचक आला की तो लगेच पुस्तक काढत नाही. आधी विचारतो, "मागचं कुठं सोडलंत?" कुणी म्हणतं, लग्नापर्यंत बरं होतं, पुढं कंटाळा आला. तो मान हलवतो. मग नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांतलं एक पुढं सरकवतो. "चुडाव्याच्या अप्पारावांनी कालच आणून दिलं. झोपलेच न्हाईत म्हणं."

अप्पाराव सगळ्यांना ठाऊक होते. रेल्वेतून निवृत्त, एकटे, बायको वारलेली. एखादं पुस्तक वाचून ते हसले की त्यासाठी गावात नंबर लागायचा.

लक्ष्मीबाई तर त्यांच्याच मतानं वाचायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी वाचन धरलं. घरात बोलायला कुणी नाही. परवा बाजाराच्या दिवशी त्या डबा घेऊन वाचनालयाच्या ओट्यावर बसल्या होत्या.

"पोरा, मला गाडीवर चुडाव्याला सोड. अप्पारावला लाडू केलेत."

"कशासाठी, मावशी?"

"भांडायला. मागच्या पुस्तकातली सून शेवटी घर सोडून गेली. त्यांना लय आवडलं म्हणं. मला पटलं न्हाई."

मी आत जाऊन सिद्धोधनला पत्ता विचारला. त्यानं दाराकडं पाहिलं.

"न्हाईत ते."

"गावाला गेलेत?"

"न्हाईतच. कधीच नव्हते."

मी स्टुलावर बसलो.

"अन् त्यांची बायको?"

"ती बी न्हाई. मीच वाचायचो. माझ्या नावानं सांगितलं की लोक बरं म्हणायचे अन् दुसरंच न्यायचे. अप्पाराव म्हणलं की न्यायचे."

त्या माणसाच्या पसंतीची कितीतरी पुस्तकं मी वाचली होती. बाहेरून मावशींची हाक आली, "चल की रे, ऊन व्हायलंय!"

"अप्पाराव वारले म्हणून सांग," मी कुजबुजलो.

"त्याच्या बायकोसाठी मावशी एकदा रडलीय. आता परत रडवू?"

तो स्वतःच बाहेर गेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मावशी हलल्या नाहीत. डबा मांडीवर तसाच.

"त्या बाईसाठी मी दिवसभर जेवले नव्हते, सिद्धा."

"हो, मावशी."

"अन् पुस्तकापायी झोपला नव्हता, तो?"

"मी."

आता त्या उठून जाणार, असं मला वाटलं. त्या उठल्या, पण आत आल्या.

"मंग सांग, आता कोणतं नेऊ? अप्पाराव नको. तुझं सांग."

अप्पारावांच्या नावानं तासभर बोलणारा हा माणूस नुसता कपाटाकडं वळला. कपाट उघडलं. एक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं.

"हे... मला आवडलं."

'मला' हा शब्द त्या खोलीत त्याच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता.

मावशींनी पुस्तक पिशवीत टाकलं. डबा टेबलावर आदळला.

"आवडलं न्हाई तर लाडू परत पाहिजेत."

त्या गेल्या. सिद्धोधननं डबा उघडलेला नाही. अजून टेबलावर तसाच आहे.