वरमाईच्या अंगठ्याचं नख

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना आमची खव्याची भट्टी लागते. कढया धुतलेलं पाणी दिवसभर पायाखाली आणि पायात रबरी बूट. त्यातच माझ्या उजव्या अंगठ्याचं नख बिघडलं. आधी पिवळं पडलं, मग काळपट, जाड, भुसभुशीत झालं. कामाच्या बाईला नखाचं काय कौतुक, म्हणून मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पण पोराचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. आमच्याकडे मांडवात मुलीची आई वरमाईचे पाय परातीत धुते, सगळ्या बायकांच्या देखत. हे असलं नख तिच्या हातात द्यायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरल्या जाऊबाईंकडे उपाय तयार होता. "मेंदी थाप लई. कुणाला कळतंय?"

मला ते पटलं नाही. लग्न पुढच्या वर्षी होतं, म्हणून मी बीडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला, बुरशी निघाली. माझं यकृत आधीच नाजूक, तेव्हा गोळ्या नकोत, लेसर करू आणि सोबत लावायचं औषध देते, असं त्या म्हणाल्या. वर बजावलं, "काकू, ही जादू नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आला तरी खराब नख वाढून निघायला वेळ लागतो."

"लागू द्या," मी म्हटलं. "मांडवात पाय लपवायचा न्हाई मला."

एवढ्या तोऱ्यात बोलणारी मी, लेसरच्या दिवशी गेले ती दहाही बोटांना मेंदी लावून! दवाखान्यात चार लोक पाय बघणार, जरा बरे दिसावेत. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. रंगावर लेसर मारला तर नख तापतं, भाजतं म्हणे. त्या दिवशी अंगठ्याचं नख नुसतं घासून पातळ केलं आणि मला परत पाठवलं. जाऊबाईंचा इतका राग आला, की येताना एसटीत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून घेतलं.

पुढच्या खेपेला लेसर झाला. टाचणी टोचावी तशी चुणचुण, जराशी ऊब, बस. जाऊबाई हसल्या, "उजेडानं कुठं बुरशी मरती व्हय?" मी बूट उन्हात वाळवायला लागले, पाय कोरडे ठेवायला लागले, औषध चुकवलं नाही. पण अंगठा होता तसाच दिसे, आणि मी चिडचिडी झाले.

धीर दिला तो त्या मेंदीनंच. बाकीच्या नखांवरून ती जाता जात नव्हती, पण बुडापासून केसभर पुढे सरकली होती. म्हणजे नख वाढतं! मी अंगठा उजेडात धरला. काळ्या नखाच्या बुडाशी गुलाबी, स्वच्छ कोर उगवली होती. मी तशीच भट्टीवर धावले. "आवो, बघा की!"

नवरा कढईत खवा हलवत होता. "थांब, खवा लागंल," म्हणाला. पण झारा न थांबवता वाकून बघितलंच त्यानं. "आयला, खरंच की!"

पुढच्या खेपांना डॉक्टरीणबाईही हसायला लागल्या. कोर वाढत गेली, काळं पुढे ढकलत गेली. लग्नाच्या आधी शेवटचा काळा कोपरा मी कापून टाकला, तेव्हा रडू आलं. आनंदाचंच.

लग्नाच्या दिवशी जाऊबाई मेंदीचा कोन घेऊन आल्या. मी पाय पोटाशी घेतले.

मांडवात पाटावर बसले. पाय कोरे, नुसती जोडवी. विहीणबाईंनी परात पुढे सरकवली. त्यांनी हात लावायच्या आत मी उजवा पाय आपणहून परातीत ठेवला. त्यांनी पाणी घातलं, अंगठ्यावरून हात फिरवला, कुंकू लावायला वाटी उचलली.

"थांबा," मी म्हटलं. "आणखी एक तांब्या घाला."

बायका खो-खो हसल्या. वरमाय तोरा दाखवतीय, असं त्यांना वाटलं. दाखवतच होते मी.