पूर्वपक्षाचा शनिवार

फादर मार्टिन तुस्कानो यांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांचे बोलणे भर सभेत तोडल्यामुळे. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटले होते. ठाण्यातल्या एका वाचनालयात ‘विचार कसा करावा’ या विषयावर त्यांचे व्याख्यान होते. मी बाजारपेठेतले माझे चष्म्याचे दुकान लवकर बंद करून गेलो होतो. माझी शाळा मराठी सातवीनंतर सुटली. इंग्रजी, भूमिती आणि भिंगांचे शास्त्र मी दुकानात बसून, मिळतील ती पुस्तके लावून, कोणाच्याही मदतीवाचून शिकलो. त्याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे. फादर बोलता बोलता म्हणाले की डोळ्यांना दिसले ते खरे मानण्याची घाई करू नये, पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते. मी लगेच उभा राहिलो.

“काठी वाकडी दिसते यात डोळ्यांचा काय दोष? पाण्यात किरण वाकतो. डोळा जे येतं ते बरोबर सांगतो. तुम्ही डोळ्यांवर उगाच आळ घेता.”

“अहो, खाली बसा. प्रश्न शेवटी,” अध्यक्ष म्हणाले.

“बसू नका,” फादर म्हणाले. “आक्षेप चांगला आहे. पण मी काय म्हणालो ते आधी सांगा.”

मी सांगितले. फादर मान हलवून म्हणाले, “असं मी म्हटलं नाही. पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितले. पुन्हा तेच. लोक हसू लागले, माझे कान तापले. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आले की या गृहस्थांनी दोष डोळ्यांना दिलाच नव्हता, घाईला दिला होता. तसे मी म्हटले. “हां,” फादर म्हणाले, “आता घ्या आक्षेप.” पण आता आक्षेप घ्यायला फारसे काही उरले नव्हते. सभा संपल्यावर त्यांनी मला गाठले. “शनिवारी दुपारी कॉलेजात या, नाईक. तुमचं म्हणणं पुष्कळदा बरोबर असेल. आवाज मात्र चुकतो.”

ज्या शनिवारच्या वर्गात त्यांनी मला त्या दिवशी बोलावले, तोच वर्ग त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर बंद करण्याचे आपल्या कॉलेजच्या व्यवस्थापनाने ठरवले होते. एका हाताने शाल द्यायची आणि दुसऱ्या हाताने वर्ग काढून घ्यायचा, याला गौरव म्हणत असतील तर मला तो शब्द पुन्हा शिकावा लागेल. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लेख गोड लिहा असे सांगितले आहे. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. या ग्रंथासाठी आलेले काही लेख मला दाखवण्यात आले. त्यांत फादर ‘अजातशत्रू’ आहेत, ‘शांतमूर्ती’ आहेत, आणि एका ठिकाणी तर ‘वादापासून सदैव अलिप्त’ आहेत. हे वाचून मी थक्क झालो. ज्या माणसाने दर शनिवारी वाद पेरला, पाणी घातले आणि उगवलेला वाद सगळ्यांना वाटला, त्याला अलिप्त म्हणायचे, म्हणजे लिहिणारा त्या वर्गात कधी फिरकलाच नाही असे उघड होते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आपले कॉलेज म्हणजे चर्चच्या मागची एक कौलारू इमारत. वर्ग मोजके, प्राध्यापक त्याहून मोजके. मुले मात्र सर्व तऱ्हेची. वसईकडची ख्रिस्ती मुले, बाळकुमच्या आगरी घरांतली, जिथे कॉलेजात शिकणारी तीच पहिली, कल्याण-डोंबिवलीची पांढरपेशी आणि फाळणीनंतर विठ्ठलवाडीजवळच्या छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांतली. फादर तर्कशास्त्र शिकवीत. परीक्षेचा अभ्यास ते इतर वारी उरकत आणि शनिवारची दुपार वादासाठी ठेवीत. नियम एकच होता. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आपण मांडायचे, आणि तो स्वतः “हो, माझं म्हणणं हेच” असे कबूल करीपर्यंत आपल्या बाजूचा एक शब्दही उच्चारायचा नाही. फादर सांगत की ही रीत धर्मगुरू घडवणाऱ्या त्यांच्या सेमिनरीत होती, आणि आपल्याकडच्या शास्त्रीमंडळींत ती त्याच्याही आधीपासून होती. म्हणून त्यांनी तिला आपलाच शब्द दिला, पूर्वपक्ष. मुले त्या वर्गालाच पूर्वपक्ष म्हणू लागली.

एका शनिवारी कल्याणचा ओक नावाचा विद्यार्थी छावणीतल्या लोकांवर घसरला. यांनी धंदे बळकावले, यांच्यामुळे पाणी कमी पडते, वगैरे. त्याच बाकावर छावणीतून येणारा हसानंद बसला होता. फादर म्हणाले, “ओक, हसानंदचा पक्ष मांड.”

ओक उठून म्हणाला, “यांचं म्हणणं असं, की सरकारने जागा दिली, म्हणजे आता आम्ही इथले मालक.”

“आम्ही असं नाय म्हणत,” हसानंद म्हणाला.

“मग काय म्हणता?”

“ते तू सांगायचं. मी फक्त हो नायतर नाय बोलणार. नियम आहे ना?”

वर्ग हसला. ओक चिडून बसला. पुढच्या शनिवारीही त्याला जमले नाही. मधल्या आठवड्यात तो कोणाला न सांगता छावणीत जाऊन आला. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून कुटुंबे राहत होती. तिसऱ्या शनिवारी तो उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. “हसानंदचं म्हणणं असं. तुम्ही आम्हाला पाहुणे समजता आणि कधी जाणार विचारता. पण पाहुण्याला परत जायला घर असतं.”

हसानंदने मान वर करून ओककडे पाहिले. मग म्हणाला, “हां. हेच.”

“आता तुझा पक्ष मांड, ओक,” फादर म्हणाले.

“पाण्याची तक्रार माझी अजून आहे, फादर. पण ती नगरपालिकेकडे आहे. याच्याकडे नाही.”

“मग मी पण येतो,” हसानंद म्हणाला. “आमच्याकडे तर नळच नाय.”

दोघे मिळून गेले. नळ आला की नाही हा वेगळा विषय, आणि नगरपालिकेबद्दल मी इथे लिहू लागलो तर ग्रंथाची पाने पुरणार नाहीत.

या रीतीचा कधी तोटाही होई. डोंबिवलीच्या एका विद्यार्थ्याने घरमालकाशी भांडताना सवयीने मालकाची बाजू आधी मांडली, आणि ती इतकी नेटकी मांडली की मालक म्हणाला, “तुम्हालाही पटलंय म्हणता? मग सोडा की जागा.” फादरांना हे कळल्यावर ते डोळ्यांत पाणी येईतो हसले, आणि लगेच उठून त्या मुलासाठी मालकाला भेटायला गेले. जागा राहिली.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मी थोडक्यात सांगतो, कारण ते त्यांना आवडणार नाहीत. माझे नाव कॉलेजच्या पटावर नाही, म्हणून ग्रंथालयाने मला पुस्तके द्यायला नकार दिला. फादर म्हणाले, “माझ्या नावावर न्या. पण पानाचा कोपरा दुमडलात तर बदनामी माझी होईल.” तेव्हापासून आजपर्यंत मी एकही कोपरा दुमडलेला नाही.

आता मूळ गोष्ट. समारंभाची बोलणी सुरू झाली तेव्हा कळले की फादरांना ‘विश्रांती’ देण्यात येणार, आणि शनिवारचा वर्ग बंद होणार. मला संताप आला. मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे जायला निघालो, पण आधी फादरांना सांगावे म्हणून थांबलो. ते त्याच संध्याकाळी चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करून घ्यायला दुकानात आले.

मी म्हणालो, “मी भांडायला चाललो आहे.”

“त्यांचा पक्ष तयार केलात का?”

“केला. तुमचं वय झालं, आणि परीक्षेत मुलं पूर्वपक्ष लिहीत बसतात, उत्तराला वेळ उरत नाही, म्हणून नापास होतात. एवढंच.”

“एवढंच?” त्यांनी चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. “त्यांची सगळ्यात भक्कम बाजू त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे.”

मला ते काय म्हणतात ते समजले, आणि समजले नाही असे दाखवावे असे फार वाटले. फादरांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला आहे. त्या बाजूला मी नुसती काच बसवतो, तिला नंबर नसतो. डाव्या बाजूचे भिंग दर खेपेला जाड होत आले आहे. हे डॉक्टर, फादर आणि मी, तिघांनाच माहीत होते. हा मुद्दा प्रिन्सिपॉलांच्या हाती देणे म्हणजे आपल्या हाताने वर्गाला कुलूप लावणे होते.

“हे मी सांगणार नाही,” मी म्हणालो.

“मग जाऊ नका. लपवून जिंकायचं असेल तर वकील पुष्कळ आहेत.”

“आणि वर्ग गेला तर?”

“तर खरं सांगून गेला असं होईल.” त्यांनी चष्मा चढवला. “नाईक, एवढी वर्षं मी मुलांना एकच गोष्ट शिकवली. ती माझ्यापुरती सोडून देऊ म्हणता?”

हे सारे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. प्रिन्सिपॉलसाहेब वयाने तरुण आहेत, स्वतःही फादर आहेत, आणि त्यांनी मला चहा दिला हे नमूद करतो. मी म्हटले, “आधी आपलं म्हणणं मी मांडतो. चुकलं तर सांगा.” त्यांनी घड्याळाकडे पाहिले, पण ऐकून घेतले. वय मांडले. परीक्षा मांडली. ते म्हणाले, “आणखी एक आहे. बाळकुमचा मुलगा नापास झाला तर तो पुन्हा बसत नाही, मिठागरावर जातो. ते कोणी बघायचं?” हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी तेही जोडून पुन्हा मांडले. “हो, माझं म्हणणं हेच,” ते म्हणाले.

“अजून संपलं नाही,” मी म्हणालो, आणि डोळ्याचे सांगितले. ते सांगताना मला कोणाचा राग येत होता हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं. हे सांगून तुम्ही तुमचीच बाजू संपवलीत.”

“संपली नाही, अजून सुरूच झाली नाही,” मी म्हणालो, आणि मग माझी बाजू मांडली. ते उत्तर देऊ लागले तसे मी हात वर केला. “आधी माझा पक्ष मांडा, साहेब. नियम दोघांनाही आहे.”

ते हसतील किंवा रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. ते शब्द जोडत जोडत म्हणाले, “तुमचं म्हणणं असं. मुलं नापास होतात ती पूर्वपक्षामुळे नव्हे. तो थोडक्यात लिहायला कोणी शिकवलं नाही म्हणून. ते शिकवता येईल. पेपर तपासायला डोळे लागतात, ते काम दुसऱ्याला द्यावं. पण शनिवारी कोणी काही वाचत नाही. फादर ऐकतात. आणि त्यांच्यासारखं ऐकणारं इथे दुसरं कोणी नाही.” ते थांबले. “माझ्यासकट.”

शेवटचे दोन शब्द माझ्या पक्षात नव्हते. ते त्यांचे. मी म्हटले, “हो, माझं म्हणणं हेच.”

“बरं,” ते म्हणाले, “चालू राहू दे. या वर्षापुरतं.”

मी तसाच फादरांकडे गेलो. वर्ग राहिला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाळकुमच्या मुलांचा. त्याच शनिवारी त्यांनी मुलांना सांगितले की परीक्षेत पूर्वपक्ष सहा ओळींच्या वर गेला तर तपासणाऱ्याला गुण कापायला ते स्वतः सांगतील. मग वादाचा विषय फळ्यावर लिहायला लावला. ‘हा वर्ग बंद करावा.’ मी उठून विरोध केला. एवढ्या कष्टाने राखलेली गोष्ट पुन्हा पणाला का लावायची? फादर म्हणाले, “राखलेली गोष्ट तपासायची नाही, असा कुठे नियम आहे? बसा, नाईक. आवाज.”

प्रिन्सिपॉलसाहेब मागच्या बाकावर येऊन बसले होते, हेही नमूद करतो.

अशा ग्रंथात शेवटी आयुष्य चिंतायचे असते, आणि ते मी मनापासून चिंततो. फादरांचा डावा डोळा आज आहे तेवढा राहो. त्याच्यासाठी भिंग किती जाड घासावे लागेल ते मी पाहून घेईन. कान असेच तीक्ष्ण राहोत, पाय जिना चढोत, आणि समोर भांडणारे कधी कमी न पडोत. पण ‘या वर्षापुरतं’ हे शब्द मला खुपले ते खुपलेच. साठ वर्षांच्या निरोगी मनाच्या माणसाला वर्षाच्या मापाने काम मोजून देणे मला मान्य नाही, आणि हे मी समारंभातही सांगणार आहे. तूर्त व्यवस्थापनाला एवढीच विनंती की हे शब्द त्यांनी पुढच्या वर्षीही म्हणावेत, त्याच्या पुढच्या वर्षीही म्हणावेत, फादर पंचाहत्तरीचे होतील तेव्हाही न चुकता म्हणावेत. दर वर्षी मी असाच संतापाने उठेन, आणि दर वर्षी फादरांनी मला खाली बसवावे.